पात्राच्या अंगावर कामाचा ताण कसा दाखवायचा? नव्या कथालेखकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कथेतला माणूस कामाने पिचलाय हे वाचकाला कळायला हवं, पण ‘तो फार तणावाखाली होता’ असं सरळ लिहून टाकायचं नाही, इथपर्यंत बहुतेक नवे लेखक आपले आपण येतात. पुढे अडतं. मग डोळ्यांखाली काळी वर्तुळं येतात, दाढी वाढते, केस विस्कटतात, टेबलावर चहा गार होतो. पुण्यात कुठेही कथावाचनाला बसा, हा चेहरा भेटतोच. नायक हिंजवडीतल्या आयटी कंपनीतला असो, पेठेतल्या शाळेतला असो की मार्केट यार्डातला, थकतात सगळे एकसारखे.

ताण असा सरसकट उमटत नाही. माणूस मुळात कसा होता, काम कोणतं करतो आणि ताण किती दिवसांचा आहे, या तीन गोष्टी पक्क्या केल्या की कोणती खूण लिहायची हा प्रश्न बराचसा सुटतो. त्या पक्क्या कशा करायच्या ते क्रमाने सांगते.

उदाहरणाला एक माणूस धरू. विलास, वय ४७, भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. बरीच वर्षं लेथवर काढली, मग वर आला. सध्या मोठ्या कंपनीकडून माल परत येतोय, रिजेक्शन वाढलंय, मालक रोज केबिनमध्ये बोलावतो. विलास मी बनवलेला आहे. तुम्ही तुमचा माणूस घ्या आणि सोबत चला.

जवळ काय काय हवं

लिहायला बसण्याआधी पात्राची थोडी कागदपत्रं तयार करा. ती कथेत येतीलच असं नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीला लागतील.

- ओळखपत्र. नोकरीला लागताना काढलेल्या फोटोत माणूस कसा होता ते दोन ओळींत लिहा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद हाच. गळ्यात जुना चेहरा लटकत असतो आणि वर आजचा असतो. दुसऱ्या पात्राची नजर दोन्हींवरून एकदा फिरली की मधली वर्षं दिसतात.
- पाळ्यांचा तक्ता. पहिली, दुसरी, रात्रपाळी आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी. भोसरी-चिंचवडकडच्या बऱ्याच कारखान्यांना ती गुरुवारी असते. कटिंग, डाय, कपड्यांना इस्त्री, सगळं त्या वारावर ठरतं.
- पगाराची स्लिप आणि हप्त्यांची यादी. चष्म्याची काडी तुटलीय तरी माणूस नवा चष्मा का करत नाही, याचं उत्तर इथे असतं.
- औषधांचा डबा. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, बाम, बीपीची गोळी, डोळ्यांचे थेंब. डब्यात काय आहे हे ठरलं की अंगावर काय दिसेल तेही ठरतं.
- भिंतीवरचं कालनिर्णय. तिसऱ्या पायरीला उघडून बसायचंय.
- खिशात मावेल अशी वही. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळेल.

मोबाईलने फोटो मात्र काढू नका. बसमध्ये समोर बसलेल्या दमलेल्या माणसाचा त्याला न विचारता फोटो काढणं वाईटच. शिवाय फोटोत हालचाल येत नाही, आणि ताण बहुतेक वेळा हालचालीत असतो. वहीतही कोणाला ओळखता येईल असं टिपू नका. एकाचा हात, दुसऱ्याची मान, तिसऱ्याची चप्पल, असं वेगवेगळं टिपा.

१. आधी ताण नसतानाचा माणूस लिहा

अर्धं पान पुरे. विलास खुशीत असताना कसा दिसतो? शर्ट खोचतो का? मिशी किती दिवसांनी कातरतो? जेवणाचा डबा उघडताना कसा बसतो? हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वाचकाला ताण कळतो तो बदलातून. मुळातच अजागळ राहणाऱ्याचे विस्कटलेले केस काही सांगत नाहीत. रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या विलासने लागोपाठ दोन दिवस तोच शर्ट घातला, तर शॉपमधला, म्हणजे मशिनं चालतात त्या भागातला, नवा हेल्परसुद्धा एकदा वळून बघतो.

काळ्या वर्तुळांचं तेच. आपल्याकडे कितीतरी घरांत ती पिढीजात असतात. डोळ्यांखालची कातडी पातळ असते, तिथला रंग मुळात गडद असू शकतो, नाकाच्या अ‍ॅलर्जीनेही तो भाग काळवंडतो. आईला, बहिणीला, मामाला, सगळ्यांनाच वर्तुळं आहेत म्हटल्यावर विलासच्या वर्तुळांवरून त्याच्या कारखान्याचं काही कळत नाही.

२. काम काय आहे त्यावर ताणाची जागा ठरवा

नखं खाणं ही हाताशी सगळ्यात आधी येणारी खूण. पण शॉपवरच्या माणसाच्या बोटांना कूलंटचा आणि तेलाचा वास असतो, नखांच्या कडेला काळं बसलेलं असतं. तो ती बोटं तोंडात घालणार नाही, आणि सुपरवायझर झाला तरी वर्षांची सवय जात नाही. विलास अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी तर्जनीच्या नखाने उकरत राहतो. हे महिनोन्‌महिने चाललं की नखावर मधोमध आडव्या बारीक पायऱ्या उठतात. त्वचारोगतज्ज्ञांना ही खूण नीट ओळखता येते. उकरणाऱ्याला मात्र आपण उकरतोय याचा पत्ता नसतो. मालकाच्या टेबलावर हात ठेवल्यावर मालकाची नजर त्या अंगठ्यावर गेली, एवढ्यावर एक प्रसंग उभा राहतो.

शाळेतल्या बाईंचा ताण आधी आवाजात जाईल. शनिवारपर्यंत घसा बसलेला, प्रत्येक वाक्याआधी खाकरणं. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्याची पापणी कमी वेळा लवते, म्हणून डोळे लाल आणि चुरचुरणारे. फोनवर गिऱ्हाइकांची बोलणी खाणाऱ्या मुलीचा आवाज मात्र शेवटपर्यंत गोड राहील. तो गोड असताना खाली पाय हलत असतो, तिथे बघा.

इथे एक फरक सांभाळा. कामाच्या खुणा वेगळ्या आणि ताणाच्या वेगळ्या. पीएमपीएमएलच्या बस ड्रायव्हरचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला असतो, तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक पोलिसाच्या पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या असू शकतात, नर्सचे हात सतत धुऊन कोरडे पडतात. हे त्या कामाचं रोजचं आहे. त्यावरून माणूस खरा वाटतो, पण तो सध्या अडचणीत आहे हे कळायला त्यावर आणखी एक ताजी खूण लागते.

३. शरीराचं वेळापत्रक समजून घ्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. ताणाची प्रत्येक खूण आपापल्या वेळी येते. काही क्षणात, काही रात्रीत, काही तीन महिन्यांनी. हे ठाऊक असलं की नुसत्या खुणेवरून वाचकाला ताणाचं वय सांगता येतं.

क्षणात येणाऱ्या खुणा म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिनचा खेळ. मालकाचं नाव मोबाईलवर झळकलं की तळहात आणि कपाळ घामेजतं, बोटं गार पडतात, तोंडाला कोरड पडते, आवाज चिरकतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर आपोआप उमटण्याच्या खुणा, सांगितले आहेत : स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथु (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (भान हरपणं). या टप्प्यासाठी ही यादी आजही चोख चालते. एका प्रसंगाला यातला एकच घ्या. स्वेद घेतला तर मोबाईलच्या काचेवर ओलं बोट सरकतं आणि फोन उचललाच जात नाही, इथपर्यंत जा. घाम, थरथर आणि अश्रू एकदम आणलेत की त्याचं नाटक होतं.

एका रात्रीच्या खुणा झोपेच्या. सुजलेल्या पापण्या, लाल डोळे, दाढी करताना राहून गेलेला जबड्याखालचा पट्टा. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक एरवी मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि सकाळी जाग आल्यावर वर चढतं. रात्रपाळीत हे चक्रच उलटं फिरवावं लागतं. म्हणून रात्रपाळीवाल्याचा थकवा सकाळी घरी परतताना बघू नका, तो अपेक्षितच आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी, सगळे गप्पा मारत असताना, त्याचा चेहरा बघा.

आठवड्यांच्या खुणांत वजन येतं, आणि ते दोन्हीकडे जातं. कोणाचं जेवण सुटतं, कोणी रात्री उशिरा वडापाववर येतो आणि पोट सुटतं. विलासचं घटलंय. ‘वजन घटलं’ असं लिहिण्यापेक्षा त्याच्या कातडी पट्ट्याकडे बघा. बक्कल आता दोन भोकं आत गेलंय, पण जुन्या भोकापाशी वर्षानुवर्षं पडलेली घडी तशीच आहे. तिथली कातडी काळपट आणि चमकदार झालीय, नव्या भोकापाशी अजून कोरी आहे. किती उतरला आणि किती लवकर उतरला, दोन्ही त्या पट्ट्यावर मोजता येतं.

जबडाही याच टप्प्यात येतो. झोपेत दात खाणाऱ्या माणसाची सकाळ कानशिलाच्या दुखण्याने सुरू होते, जबड्याच्या कोपऱ्यातला स्नायू हळूहळू टणक होतो आणि जेवताना ठळक हलतो. घरात हे पहिल्यांदा बायकोला ऐकू येतं. आई असली तर म्हणेल, ‘जंत झाले असतील, औषध घे.’ असं चुकीचं निदान घरच्यांच्या तोंडी आलं की वाचक आपण होऊन खरं कारण शोधतो.

आता केस, आणि इथे कालनिर्णय उघडा. मोठा धक्का किंवा दीर्घ ताण बसला की बरेच केस एकदम वाढीच्या अवस्थेतून विश्रांतीत जातात, आणि गळतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस जातातच, पण आता कंगवा भरतो, मोरीच्या जाळीवर गुंता दिसतो. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात विलासचा मोठा लॉट परत आला असेल, तर केस गळायला लागतील गणपतीच्या सुमारास. तोवर कदाचित कारखान्यातलं निस्तरलेलं असेल, नवी ऑर्डर आली असेल, घरात आरतीला पाहुणे जमले असतील. आणि नेमके तेव्हा केस हातात येतात. विलास म्हणेल बोअरच्या पाण्याने होतंय, टँकरचं पाणी जड आहे, शाम्पू बदलला पाहिजे. सोसायटीत सगळे माना डोलावतील. दोन महिन्यांपूर्वीचं पान वाचलेल्या वाचकाला मात्र खरं काय ते ठाऊक असतं. हे अंतर कथेला फार कामाला येतं, ते वाया घालवू नका.

डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे डाय करणाऱ्या बाईच्या भांगात बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी दिसली, तर दोनेक महिने तिला स्वतःकडे बघायला फुरसत नव्हती. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर. लग्नाला लावलेलं नेलपॉलिश अर्ध्या नखावर उरलंय म्हणजे लग्नाला किती दिवस झाले, हे वाचक बायकांना सांगावं लागत नाही.

वर्षांच्या खुणा थोडक्यात. दात खाऊन खाऊन समोरच्या दातांच्या कडा सपाट होतात. केस पांढरे होण्याचा आणि ताणाचा संबंध आहे. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या संशोधनात ताणामुळे केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशींचा साठा संपतो असं दिसलं. पण डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो, त्याचा रंग आतून बदलत नाही. पांढरं उगवतं ते मुळापासून, महिन्याला एक सेंटीमीटर या चालीने. एका रात्रीत डोकं पांढरं झालेलं पात्र कृपा करून लिहू नका.

४. कोण बघतंय ते ठरवा

पात्र आरशासमोर उभं राहून स्वतःचा चेहरा वाचतं, तो परिच्छेद काढून टाका. माणूस स्वतःचा बदल सगळ्यात उशिरा बघतो. बघणारा दुसरा असू द्या, आणि त्याला त्याच्या जागेवरून दिसेल तेवढंच द्या. शिंप्याला कंबर कळते. चहावाल्याला कळतं की साहेब हल्ली बिनसाखरेचा सोडून दोन कट मागतात. सलूनवाल्याला डोक्याची मागची बाजू दिसते. तिथे रुपयाएवढी चाई पडलेली असेल तर ती त्यालाच पहिल्यांदा दिसणार. त्याने सांगायचं की न सांगता वरचे केस जरा लांब ठेवायचे? त्या दोन मिनिटांत दोघांचंही माणूसपण दाखवता येतं.

बोलणंही ज्याचं त्याचं. आई म्हणेल, ‘तोंड किती उतरलंय रे, जेवतोस का नाही वेळेवर?’ मावशी लग्नात चारचौघांत म्हणेल, ‘पार रया गेली याची!’ शॉपमधला जुना ऑपरेटर तोंडाने काहीच म्हणणार नाही, पण पान-तंबाखूची डबी पुढे करेल.

पुण्यात आणखी एक पेच आहे. दुचाकीवरच्या कितीतरी बायकांचा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला असतो, हात सनकोटात असतात. समजा मृणाल रोज सिंहगड रोडवरून खराडीला जाते. रस्त्यात तिचे फक्त डोळे दिसतात. मग काय लिहायचं? सिग्नलला भुवयांच्या मधे पडलेली आठी, ब्रेकवर आवळलेली बोटं, हिरवा लागला तरी न सुटलेली नजर. आणि सगळ्यात जास्त बोलणारी गोष्ट पार्किंगमध्ये घडते. गाडी स्टँडला लावून, हेल्मेट काढून ती स्कार्फ न सोडता तशीच थोडा वेळ उभी राहते. मग सोडते, घडी घालते, डिकीत ठेवते आणि लिफ्टकडे जाताना चेहरा ऑफिसचा करते.

५. रंग आपल्या माणसांचा ठेवा

‘चेहरा पांढराफटक पडला’, ‘गाल लालबुंद झाले’ ही वर्णनं गोऱ्या कातडीवर ठीक. सावळ्या माणसाचा चेहरा ताणाने काळवंडतो, निस्तेज होतो, ओठ सुकून पांढुरके दिसतात, कानाच्या पाळ्या तापतात पण लाल दिसत नाहीत. आपल्या पात्राचा वर्ण एकदा ठरवा आणि प्रत्येक वर्णन त्याच्याशी ताडून बघा.

६. लपवाछपवी लिहा

नवे लेखक हे हमखास विसरतात. ताणातला माणूस नेहमीच गबाळा होत नाही, कित्येकदा तो जास्त नीटनेटका होतो. ऑडिटच्या दिवशी विलास नवा शर्ट घालतो, मिशीला डाय लावतो, बूट पुसतो. घाईत डाय ओठाच्या वरच्या कातडीला लागतो आणि साबणाने निघत नाही. तो काळा डाग वाढलेल्या दाढीपेक्षा जास्त सांगून जातो, कारण त्यात धडपड दिसते.

७. छाटा

इथवर वहीत वीस-पंचवीस खुणा जमल्या असतील. एका प्रसंगाला दोन ठेवा, फार तर तीन. एक जुनी, एक ताजी, असं मिश्रण चांगलं जमतं. पहिल्या खर्ड्यात साधारण असं येतं :

‘विलासच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. खांदे पडले होते. चेहरा ओढलेला होता. गेले काही महिने तो प्रचंड तणावाखाली होता.’

वरच्या पायऱ्या चढून गेल्यावर असं होऊ शकतं :

‘ऑडिटच्या दिवशी विलास नवा शर्ट खोचून आला. पट्टा दोन भोकं आत ओढलेला होता. ओठाच्या वर डायचा डाग राहिला होता आणि आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी तो पाहून नजर खाली वळवली. अहवाल पुढे सरकवला गेला. विलासने डावा हात लांबवून तो घेतला. उजवा टेबलाखालीच होता.’

अंगठा दिसलाच नाही. आधीच्या पानावर तो एकदा दाखवलेला असला की इथे लपवलेला हात पुरतो.

८. फसण्याच्या जागा

आजाराशी गल्लत. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह यांतही वजन, केस, चेहऱ्याचा तजेला जातो. वाचकाला मुद्दाम चकवायचं नसेल तर कथेत कुठेतरी तपासण्या नॉर्मल आल्याचा उल्लेख येऊ द्या. घरचे ‘शुगर तपासून घे’ म्हणतातच, त्या धाग्याने तो सहज येतो.

थकवा म्हणजेच सगळं असं मानणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, आजार म्हणून नाही. त्यात तीन गोष्टी आहेत : शक्ती संपणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. कथालेखकाने यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे नीट बघावं. तुटलेला माणूस थकलेला दिसेलच असं नाही. तो शांत दिसतो. रिजेक्शनचा आकडा ऐकून पूर्वी विलासच्या कपाळाची शीर उठायची, आता तो ‘बरं’ म्हणून रजिस्टर मिटतो. चेहरा हलायचा थांबलाय. ही खूण लिहायला सगळ्यात अवघड आहे, म्हणून ती कथेच्या उत्तरार्धासाठी ठेवा आणि पूर्वार्धात तो चेहरा भरपूर हलताना दाखवा.

फक्त लॅपटॉपवाले. ताण म्हटला की हिंजवडी, असं आपल्या कथांत झालंय. शिवाजीनगर कोर्टातले ज्युनिअर वकील, गुलटेकडीचे हमाल, मार्चअखेरीस सहकारी बँकेतले कॅशिअर, विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तावर रात्र काढून दुसऱ्या दिवशीही उभे असलेले पोलीस, यांची शरीरं कथेत फारशी आलेली नाहीत. तिथे जा.

९. त्या कामातल्या माणसाला वाचून दाखवा

कथा पूर्ण झाली की ज्याचं काम लिहिलंय अशा कोणालातरी ती ऐकवा. पूर्ण नको, ताणाचा प्रसंग तेवढा. सुट्टीच्या दिवशी, त्याच्या सोयीने. ‘आवडली का?’ असं विचारू नका, तो भिडेखातर हो म्हणेल. विचारा, ‘या माणसाकडे बघून तुम्हाला तो किती दिवसांपासून अडचणीत असेल असं वाटतं?’ उत्तर तुमच्या कालनिर्णयावरच्या खुणेशी जुळलं नाही, तर तिसऱ्या पायरीवर परत या आणि कुठली खूण वेळेआधी आलीय ते शोधा. आणि तो बोलता बोलता म्हणाला, ‘आमच्याकडे असं नाही हो, आमच्यातले तर हे करतात,’ तर लगेच वही काढा. ते जसंच्या तसं टिपून घ्या.